दरवर्षी एक नवे शहर

११ नोव्हेंबर २०१४ रोजी 'असॅसिन्स क्रीड : युनिटी' हा गेम अमेरिकेत विक्रीला आला. राज्यक्रांतीच्या काळातले पॅरिस, माणसांनी फुललेले चौक, गच्च्यांवरून धावणारा नायक, सगळे डोळ्यांचे पारणे फेडणारे होते. इंटरनेटवर मात्र त्या दिवशी भलतीच चित्रे फिरत होती. बोलणाऱ्या पात्राच्या चेहऱ्यावरची त्वचाच गायब, हवेत तरंगणारे दोन डोळे, दातांच्या दोन ओळी आणि वर नीट विंचरलेले केस. नायक चालता चालता फरशीतून खाली पडत जाई. गर्दीच्या चौकात पाऊल टाकले की गेम अडखळू लागे. परीक्षकांच्या हाती तो आधीच दिलेला होता, पण विक्री सुरू होऊन बारा तास उलटेपर्यंत त्यांनी आपले मत प्रसिद्ध करू नये अशी अट होती. मध्यरात्री पैसे मोजणाऱ्या चाहत्याला आत काय आहे हे कळायला वाव नव्हता.

युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. पुढे येणारे जोडकथानक सगळ्यांना फुकट देण्यात आले आणि आगाऊ पैसे भरून सीझन पास घेतलेल्यांना कंपनीचा आणखी एक गेम मोफत मिळाला. या मालिकेचा २००९ पासून दरवर्षी एक मुख्य भाग येत होता. २०१४ मध्ये तर एकाच दिवशी दोन आले, नव्या कन्सोलसाठी 'युनिटी' आणि जुन्यांसाठी 'रोग'. दरवर्षी भाग काढायचा म्हटल्यावर दुसरे काय होणार, असे तेव्हा बहुतेक गेमर म्हणत होते. हे म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे मला जास्त महत्त्वाचे वाटते, कारण दरवर्षी भाग काढूनही टवटवीत राहिलेल्या मालिका आहेत आणि भरपूर वेळ घेऊनही खेळणाऱ्याला थकवणारे गेम आहेत.

मुळात ही मालिका जन्माला आली तीच एका जुन्या मालिकेच्या पोटातून. युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने २००३ मध्ये 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' काढला. त्याच्या पुढच्या भागाचा विचार करताना पात्रिस देझिले आणि त्यांच्या सहकाऱ्यांना राजपुत्रापेक्षा त्याचे रक्षण करणारा मारेकरी अधिक रंजक वाटू लागला. त्यातून २००७ मध्ये पहिला 'असॅसिन्स क्रीड' आला. तिसऱ्या धर्मयुद्धाच्या काळातली दमास्कस, एकर आणि जेरुसलेम ही तीन शहरे आणि त्यांतल्या कोणत्याही भिंतीवर चढू शकणारा अल्तैर. कल्पना थक्क करणारी होती, पण तीच तीच कामे पुन्हा पुन्हा करावी लागत. समीक्षकांनी आणि खेळणाऱ्यांनी ते स्पष्ट सांगितले. दोन वर्षांनी दुसरा भाग आला, तेव्हा त्यातली जवळजवळ प्रत्येक तक्रार कुणीतरी वहीत लिहून घेतल्यासारखी दूर झालेली होती. फ्लॉरेन्स आणि व्हेनिस, लिओनार्दो दा विंची मित्र म्हणून सोबतीला आणि एझिओसारखा जिवंत नायक. मालिकांच्या इतिहासात पुढच्या भागाने आधीच्या भागाला इतके मागे टाकल्याची उदाहरणे थोडी आहेत.

त्यानंतर २०१० मध्ये रोम, २०११ मध्ये कॉन्स्टँटिनोपल, २०१२ मध्ये अमेरिकन राज्यक्रांती, २०१३ मध्ये कॅरिबियन समुद्र. दरवर्षी एक नवे शहर, नवा काळ. देझिले स्वतः २०१० मध्येच कंपनी सोडून गेले होते.

दरवर्षीच्या या धावपळीमागे नुसता लोभ आहे असे म्हणून चालणार नाही. आधी हिशेब पाहावा लागतो. पात्र भिंतीवर चढताना त्याचा हात नेमक्या कोणत्या विटेवर पडेल, गर्दी कशी बाजूला सरेल, घोडा कसा वळेल, हे सारे पहिल्यांदा घडवायला काही वर्षे आणि शेकडो माणसे लागतात. एवढी यंत्रणा उभी केल्यावर ती एकदाच वापरून ठेवून देणे कोणत्याही धंद्यात परवडत नाही. अमेरिका आणि युरोपात खेळण्यांची नि गेमची सर्वांत मोठी खरेदी नोव्हेंबरच्या अखेरीपासून नाताळपर्यंत होते, म्हणून तारीख त्याच्या अगोदर धरायची. त्यात कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, तिचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. अनोळखी नावाचा नवा गेम चालेल की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. ओळखीच्या नावाचा पुढचा भाग मात्र साधारण किती खपेल याचा अंदाज बांधता येतो, आणि गुंतवणूकदाराला हवा असतो तो हा अंदाज.

दरवर्षी येणारा गेम एका वर्षात बनतो असेही नाही. दुसरा भाग संपताच एक गट तिसऱ्याच्या तयारीला लागला आणि त्याला जवळपास तीन वर्षे मिळाली. मधली दोन वर्षे दुसऱ्या गटांनी एझिओची कथा पुढे नेत भरून काढली. पुढे क्यूबेक, सिंगापूर, अशी कामे जगभर वाटली गेली. 'युनिटी'वर दहा स्टुडिओ राबत होते. कागदावर ही व्यवस्था चोख दिसते. तिच्यात एक खोट आहे, आणि माझ्या मते मालिकेची झीज तिथून सुरू होते. पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मध्ये जे घडले, म्हणजे लोकांचे ऐकून गेम मुळापासून सुधारला गेला, ते या व्यवस्थेत घडूच शकत नाही. एक भाग दुकानात पोचतो तेव्हा पुढच्याचा आराखडा पक्का झालेला असतो आणि त्याच्या पुढच्याचे शहर बांधायला घेतलेले असते. ऐकायला वेळ कुणाकडे?

म्हणून शहरे बदलत गेली आणि कामे तीच राहिली. उंच मनोऱ्यावर चढा, म्हणजे नकाशाचा तेवढा भाग उघडेल. एखाद्याचा गुपचूप पाठलाग करा. त्याने मागे वळून पाहिले की पुन्हा पहिल्यापासून. दोघांच्या जवळपास राहून त्यांचे बोलणे ऐका. २०१० मध्ये हे रोममध्ये केले, २०१२ मध्ये बॉस्टनमध्ये, २०१४ मध्ये पॅरिसमध्ये. हात आपोआप चालू लागतात आणि मन दुसरीकडे भटकते. मला २०१३ चा, कॅरिबियन समुद्रावरचा 'ब्लॅक फ्लॅग' त्या काळातला सर्वांत उत्तम भाग वाटतो आणि त्याचे कारणही यातच आहे. तिसऱ्या भागासाठी सिंगापूरच्या स्टुडिओने समुद्रावरच्या लढाया तयार केल्या होत्या. तिथे त्या जोडीला होत्या. 'ब्लॅक फ्लॅग'ने त्यांनाच मध्यभागी आणले आणि खेळणाऱ्याला जहाजाचा कप्तान केले. जुनाच माल, पण त्याला विचारलेला प्रश्न नवा होता. तो गेमही वार्षिक गाड्यातलाच होता, हे विसरता कामा नये.

'युनिटी'बद्दलही एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कॅरोलिन मियूस या कलाकार त्यातल्या नोत्र दाम कॅथेड्रलवर जवळपास दोन वर्षे काम करत होत्या. आतल्या कमानी, रंगीत काचा, भिंतीवरची चित्रे, बाहेरचे दगडी राक्षस. एप्रिल २०१९ मध्ये खऱ्या नोत्र दामला आग लागली तेव्हा जगभरातल्या लोकांनी हा गेम पुन्हा उघडला. कंपनीने तो आठवडाभर पीसीवर फुकट दिला आणि पुनर्बांधणीसाठी ५ लाख युरो जाहीर केले. ज्या गेममध्ये इतक्या मायेने घडवलेली वास्तू आहे, तोच गेम चेहरे नसलेल्या पात्रांसह दुकानात गेला. कारागिरांचे हात कुठेच कमी पडलेले नव्हते. तारखेला मागे सरकायची मुभा नव्हती.

आणि याची किंमत मोजली ती पुढच्या भागाने. २०१५ चा 'सिंडिकेट' हा व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनमध्ये घडतो. तो नेटका होता, त्यात आधीच्यासारखे दोष नव्हते, परीक्षणेही बरी आली. पण पहिल्या आठवड्यातली विक्री 'युनिटी'पेक्षा कमी झाली आणि मागच्या वर्षीच्या प्रकाराचा तो परिणाम असल्याचे कंपनीने स्वतः मान्य केले. मालिकेचा थकवा मोजताना सगळे इथे फसतात. विक्रीचे आकडे एक वर्ष उशिरा बोलतात. माणूस गेम विकत घेतो तो आधीच्या भागावरच्या विश्वासाने, त्यामुळे वाईट गेम चांगला खपू शकतो आणि चांगला गेम मार खाऊ शकतो. कंपनीच्या तक्त्यात सगळे आलबेल दिसते, तेव्हा आतला विश्वास आटत आलेला असतो.

फेब्रुवारी २०१६ मध्ये युबिसॉफ्टने त्या वर्षी मुख्य भाग येणार नसल्याचे जाहीर केले. २०१७ मध्ये 'ओरिजिन्स' आला. क्लिओपात्राच्या काळातला इजिप्त, आणि या वेळी लढण्याची पद्धत, नकाशा, कामांची रचना सगळे पायापासून बदललेले. पिरॅमिडच्या आतल्या अंधारातून वाट काढताना या मालिकेने पुन्हा श्वास रोखायला लावला. एका वर्षाच्या विश्रांतीने हे घडले असे सर्रास म्हटले जाते, ते मला पटत नाही. 'ब्लॅक फ्लॅग' करणारा गट २०१३ पासून, म्हणजे जवळपास चार वर्षे त्यावर काम करत होता. गमावलेला विश्वास परत मिळायला कॅलेंडरमधली एक मोकळी जागा उपयोगी पडली असेल, पण गेम घडला तो त्या चार वर्षांमुळे. पुरावा लगेच पुढच्या वर्षी मिळाला. २०१८ मध्येच प्राचीन ग्रीसमधला 'ओडिसी' आला, क्यूबेकच्या स्टुडिओने समांतर घडवलेला, आणि दोन वर्षांत दोन भाग आले म्हणून कुणी कंटाळले नाही.

कंटाळा आला तो वेगळ्या वाटेने. 'ओडिसी' आणि २०२० चा 'व्हालहाला' हे दोन्ही इतके अजस्र आहेत की सगळे पाहायचे तर शंभर तासही पुरत नाहीत. आधी दोन भागांमध्ये जाणवणारा तोचतोचपणा आता एकाच भागाच्या पोटात शिरला. सत्तराव्या तासाला तुम्ही दहाव्या तासाला केलेलेच करत असता. २०२३ मध्ये नवव्या शतकातल्या बगदादवरचा 'मिराज' आला तेव्हा तो मुद्दाम आटोपशीर असल्याचे कंपनी आवर्जून सांगत होती. त्याची सुरुवात 'व्हालहाला'चे जोडकथानक म्हणून झाली होती, हेही बोलके आहे.

आता थोडे बाजूला जाऊ, कारण एका मालिकेवरून नियम काढता येत नाही. झटपट मृत्यूचे ठसठशीत उदाहरण 'गिटार हीरो'चे. २००५ मध्ये हार्मोनिक्सने केलेला हा गेम प्लॅस्टिकची गिटार गळ्यात अडकवून खेळायचा. पडद्यावर रंगीत खुणा येत, त्या तालात बटणे दाबायची. मालिका ॲक्टिव्हिजनकडे गेली आणि २००७ चा तिसरा भाग १ अब्ज डॉलरच्या विक्रीपार पोचला. मग २००९ या एका वर्षात 'मेटॅलिका', 'स्मॅश हिट्स', पाचवा भाग, 'व्हॅन हेलन', 'बँड हीरो', 'डीजे हीरो' अशी रांग लागली. शिवाय प्रतिस्पर्धी 'रॉक बँड' होताच आणि मंदीही होती. प्रत्येक नव्या भागात खऱ्या अर्थाने नवी होती ती गाण्यांची यादी. ती तर इंटरनेटवरून विकता येत होती. फेब्रुवारी २०११ मध्ये ॲक्टिव्हिजनने हा विभाग बंद केला. स्केटबोर्डवरच्या 'टोनी हॉक' मालिकेचेही तसेच झाले, फक्त सावकाश. १९९९ ते २००७ दरवर्षी एक भाग, मग २००७ मध्येच आलेल्या 'स्केट' या नव्या गेमने तिला जुनी ठरवले. २०२० मध्ये पहिल्या दोन भागांची नव्याने घडवलेली आवृत्ती आली, तेव्हा लोक तिच्यावर तुटून पडले. म्हणजे खेळ कुणाला नकोसा झाला नव्हता.

याच्या अगदी उलट उदाहरण जपानमधले, आणि ते मला फार मोलाचे वाटते. निन्टेन्डोने १९९८ मध्ये 'झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम' काढला. त्याचीच अधिक अवघड आवृत्ती करावी असे कंपनीतले शिगेरु मियामोतो यांनी सुचवले. त्यांचे सहकारी एइजी आओनुमा यांना केलेलीच भुयारे पुन्हा उलटीसुलटी करण्यात रस नव्हता. साधारण वर्षभरात नवा गेम करून दाखवणार असाल तर हरकत नाही, असे ठरले. एवढ्या वेळात नवी पात्रे, नव्या हालचाली घडवणे अशक्य होते, म्हणून जुनीच पात्रे नव्या भूमिकांत आणली गेली आणि छोट्या जगाला खोली देण्यासाठी काळालाच खेळाचे साधन केले. आकाशातला चंद्र तीन दिवसांत गावावर कोसळणार आहे; ते तीन दिवस पुन्हा पुन्हा जगायचे. पोस्टमन कधी निघतो, सराईत कोण कुणाची वाट पाहते, हे दर फेरीत थोडे थोडे उलगडत जाते. एप्रिल २००० मध्ये आलेला हा 'मजोराज मास्क' आजही झेल्डाच्या चाहत्यांना हळवा करतो. घाईत केलेला, जुन्या सामानातून जोडलेला, आणि तरीही त्याच्यासारखा दुसरा नाही.

'याकुझा' मालिकेने तर हीच रीत कायमची केली. २००५ मध्ये सेगाने काढलेल्या पहिल्या भागापासून कामुरोचो नावाची एक वस्ती आहे, टोकियोतल्या काबुकिचोवर बेतलेली. पुढच्या वीस वर्षांत जवळपास दरवर्षी काही ना काही आले आणि त्यातल्या बऱ्याच भागांत खेळणारा त्याच गल्ल्यांतून फिरला. युबिसॉफ्ट दरवर्षी नवे शहर बांधून तीच कामे देत होती. इथे शहर तेच, माणसे आणि गोष्टी नव्या. कोपऱ्यावरचे दुकान बंद होऊन दुसरे आलेले दिसते, नायक म्हातारा होत जातो, १९८८ मध्ये घडणाऱ्या 'याकुझा झिरो'त तीच वस्ती पैशाने माजलेली भेटते. परतून आल्याचा आनंद हा या मालिकेचा गाभा झाला. शहर बांधण्यात जाणारा वेळ वाचला, तो लिखाणात गेला. २०२० च्या भागात तर त्यांनी हाणामारीची जुनी पद्धत टाकून आळीपाळीने डाव खेळण्याची पद्धत आणली आणि नायकही बदलला. वार्षिक मालिका अशी जोखीम घेऊ शकते, हे मी कुणी सांगितल्यावर मानले नसते, पण ते घडले आहे.

क्रीडा गेमची गोष्ट निराळी. फुटबॉलचा नवा मोसम दरवर्षी येतो, खेळाडू संघ बदलतात, म्हणून १९९३ पासून ईए कंपनीचा 'फिफा' दरवर्षी आला. २०२३ पासून त्याचे नाव 'ईए स्पोर्ट्स एफसी' झाले. निन्टेन्डो स्विचवर काही वर्षे तर फक्त नवे संघ नि नवे पोशाख घालून तोच गेम नव्या वर्षाच्या नावाने विकला गेला. ही गोष्ट मला अजिबात मान्य नाही. जे काम एका अपडेटचे आहे त्यासाठी पूर्ण खोके विकू नये.

आपल्याकडच्या मुलांनी ते काम फुकटात करून दाखवले आहे. ईएचा 'क्रिकेट ०७' नोव्हेंबर २००६ मध्ये आला आणि त्यानंतर त्या मालिकेचा पुढचा भाग आलाच नाही. भारतीय खेळाडूंच्या नावांचे हक्क नसल्याने त्यात नावेही मोडतोड केलेली होती. तरी आपल्या शहरांतल्या सायबर कॅफेत, होस्टेलच्या खोल्यांत, घरच्या जुन्या पीसीवर तो वर्षानुवर्षे खेळला गेला. चाहत्यांनी खरी नावे घातली, २००८ मध्ये आयपीएल सुरू झाल्यावर तिचे संघ घातले, नवी मैदाने, नवे पोशाख, नव्या बॅटवरचे स्टिकरसुद्धा बनवले. दर मोसमाला नवा पॅच येई. म्हणजे दरवर्षी नवेपणा लोकांना हवाच होता. त्यासाठी दरवर्षी नवा गेम लागत नव्हता.

ॲक्टिव्हिजनच्याच 'कॉल ऑफ ड्यूटी' या युद्धाच्या मालिकेकडे मात्र हे सारे तर्क थबकतात. २००५ पासून दरवर्षी एक मुख्य भाग, एकही खंड नाही. आधी दोन स्टुडिओ आळीपाळीने करत, २०१४ पासून तिसरा आला, म्हणजे प्रत्येकाला साधारण तीन वर्षे मिळू लागली. २०१६ मध्ये 'इन्फिनिट वॉरफेअर'ची झलक यूट्यूबवर आली तेव्हा तिला ३० लाखांहून जास्त नापसंतीचे शेरे मिळाले. अंतराळातली युद्धे लोकांना नको होती. तरीही त्या वर्षी अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेला गेम तोच ठरला. ही मालिका टिकली कारण बहुतेक लोक तिथे कथेसाठी जात नाहीत, मित्रांसाठी जातात. सगळे मित्र नव्या भागावर गेले की जुन्यावर एकटे कोण बसणार? ही पकड घट्ट असते, पण तिलाही ताण बसतो. २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षे 'ब्लॅक ऑप्स'चेच भाग आल्यावर, एकाच उपमालिकेचे भाग यापुढे लागोपाठ काढणार नाही, असे कंपनीला डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर करावे लागले.

या सगळ्यात घडवणाऱ्यांचा थकवा कुठल्याच तक्त्यात येत नाही, आणि तो आपल्यापासून दूर नाही. युबिसॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ २००८ पासून आणि मुंबईतला २०१८ पासून आहे. 'सँड्स ऑफ टाइम' नव्याने घडवण्याचे काम या दोन स्टुडिओंकडे सोपवल्याचे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले, आणि विक्रीची तारीख दिली गेली ती अवघ्या चार महिन्यांनंतरची. झलक पाहून चित्रणाच्या दर्जावर टीकेची झोड उठली, तारीख पुढे गेली, पुन्हा गेली आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे नेण्यात आले. भारतीय स्टुडिओला एवढ्या मोठ्या गेमची धुरा मिळण्याची संधी क्वचितच येते. ती तारखेच्या कात्रीत सापडू नये असे मला मनापासून वाटत होते.

'असॅसिन्स क्रीड'चा जपानमधला भाग, 'शॅडोज', १५ नोव्हेंबर २०२४ रोजी येणार होता. तो आधी १४ फेब्रुवारीवर ढकलला गेला, मग आणखी सुधारणांसाठी २० मार्च २०२५ वर. २०१४ मध्ये पॅरिसच्या वेळी जे झाले नाही ते या वेळी झाले. वाढीव महिने खरेच कामी आले आणि चेहरे नसलेले कुणी दिसले नाही. तारीख दोनदा सरकली. दोन्ही वेळा ती ३१ मार्चच्या आतच राहिली.